वाऱ्याचा अंदाज आणि प्रामाण्याचा प्रश्न

पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमारांसाठी जो इशारा निघतो, त्याचा साचा ठरलेला असतो. नैऋत्येकडून ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने वारे वाहतील, झोतांचा वेग ताशी ६५ किलोमीटरपर्यंत जाईल, समुद्र खवळलेला राहील, मासेमारीसाठी समुद्रात जाऊ नये. या दोन ओळींत दिशा, वेग आणि झोत अशी वाऱ्याविषयीची तीन विधाने आहेत, आणि ज्या वाऱ्याविषयी ती केली आहेत तो अजून सुटलेलाच नाही. मग या विधानांना ज्ञान म्हणायचे, मत म्हणायचे, की अटकळ? ज्ञान कोणत्या साधनाने होते आणि ते खरे आहे हे कशावरून ठरते, या दोन प्रश्नांवर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला. त्या वादात वारा हा जुना आणि अवघड विषय होता, म्हणून हवामानाच्या अंदाजाचा विचार त्या बाजूने करणे सार्थ आहे.

वैशेषिकांनी नऊ द्रव्ये मानली. त्यांपैकी पृथ्वी, जल आणि तेज यांना रूप आहे, म्हणून ती डोळ्यांना दिसतात. वायूला रूप नाही, स्पर्श आहे. प्राचीनांचे म्हणणे असे की बाहेरच्या द्रव्याचे प्रत्यक्ष व्हायला रूप लागतेच. म्हणून वायूचे प्रत्यक्ष होत नाही, त्याचे अनुमान करावे लागते. अंगाला लागतो तो स्पर्श. स्पर्श हा गुण आहे, गुण द्रव्यावाचून राहत नाही, आणि हा स्पर्श पृथ्वीचा, पाण्याचा किंवा तेजाचा नाही. तेव्हा त्याला आश्रय देणारे वेगळे द्रव्य असले पाहिजे. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाने तर्कसंग्रहावरच्या आपल्या दीपिकेत हीच बाजू घेतली. नव्य नैयायिकांना ती पटली नाही. वारा अंगाला लागतो तेव्हा माणूस हेतू (खूण) आणि व्याप्ती (खुणेचा साध्याशी असलेला अटळ संबंध) मनात जुळवत बसत नाही, त्याला वाराच जाणवतो, म्हणून त्वचेने होणारे ते प्रत्यक्षच आहे, असे त्यांचे उत्तर होते.

वाद इथे मिटला नाही, पण त्यातून एक मोलाची यादी हाती आली. विश्वनाथाच्या सिद्धान्तमुक्तावलीत वायूच्या अनुमानाला चार खुणा दिल्या आहेत: विशिष्ट स्पर्श, विशिष्ट आवाज, गवताची काडी वगैरे हलक्या वस्तू अधांतरी धरल्या जाणे आणि फांद्या हलणे. १८०५ मध्ये ब्रिटिश आरमारातील फ्रान्सिस ब्यूफोर्टने वाऱ्याची शून्य ते बाराची श्रेणी मांडली तीही खुणांवरच. आधी त्या जहाजाच्या शिडांच्या होत्या. जमिनीवरच्या खुणा नंतर जोडल्या गेल्या. चेहऱ्याला वारा लागतो आणि पाने सळसळतात तेव्हा दुसरी श्रेणी, म्हणजे ताशी ६ ते ११ किलोमीटर. धूळ आणि कागद उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या की चौथी, ताशी २० ते २८. मोठ्या फांद्या हलतात, तारा शीळ घालतात, छत्री सावरणे कठीण होते ती सहावी, ताशी ३९ ते ४९. स्पर्श, आवाज, उडणारी वस्तू, हलणारी फांदी: चारही खुणा इथे आहेत. या दोन परंपरांचा एकमेकींशी संबंध नव्हता. वाऱ्याला गाठायचे तर त्याच्या कार्यातूनच गाठावे लागते, हे दोन्हीकडे स्वतंत्रपणे उमगले, आणि हेच या साम्याचे खरे मोल.

यंत्रे आली तरी ही अट सुटली नाही. आयर्लंडमधील धर्मोपदेशक आणि खगोलशास्त्रज्ञ टी. आर. रॉबिन्सन याने १८४६ मध्ये वाट्यांचा वायुवेगमापक केला. त्यात मोजले जाते ते वाट्यांचे फिरणे. आजच्या ध्वनी-वायुमापकात आवाजाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला लागणारा वेळ मोजतात. दोन्हींत कार्यावरून कारणाकडे जावे लागते. पूर आलेली नदी पाहून वर पाऊस झाला असे ओळखणे हे न्यायभाष्यातले ‘शेषवत्’ अनुमानाचे उदाहरण आहे. वायुमापकाचा आकडा त्याच जातीचा.

वेगाच्या आकड्यात याहून खोल प्रश्न दडला आहे. लुईस फ्राय रिचर्डसन हा गणिताने हवामानाचा अंदाज करून पाहणारा पहिला माणूस. १९२६ च्या एका निबंधात त्याने विचारले: वाऱ्याला वेग असतो का? वरवर हा प्रश्न खुळचट वाटतो, पण त्यात अर्थ आहे. हवेचा एक कण सेकंदासेकंदाला पुढे, मागे, वर, खाली झेपावत असतो. मोजण्याचा काळ लहान करत नेला तर एका ठरावीक आकड्याकडे पोचण्याऐवजी आकडा डोलतच राहतो. म्हणून जगभरच्या हवामान खात्यांनी वेग ठरवून घेतला आहे: मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवर, सामान्यतः १० मिनिटांची सरासरी. चक्रीवादळांसाठी भारतात ३ मिनिटांची सरासरी धरतात, अमेरिकेत १ मिनिटाची. त्यामुळे एकाच वादळाचे दोन देशांनी दिलेले आकडे वेगळे असतात आणि तरीही दोन्ही बरोबर असू शकतात.

दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांच्या परंपरेतील बौद्ध तार्किकाने इथे लगेच बोट ठेवले असते. त्यांच्या मते खरे ते क्षणिक, एकमेव ‘स्वलक्षण’. सामान्य ही बुद्धीने केलेली रचना. दहा मिनिटांची सरासरी कोणत्याही क्षणी, कोणाच्याही अंगाला लागत नाही. धर्मकीर्तीची सत्तेची कसोटी आणखी कडक आहे: जे काही कार्य घडवते, ज्याच्या ठायी अर्थक्रिया आहे, तेच सत्. या कसोटीवर इशाऱ्यातला तिसरा आकडा, म्हणजे झोत, पहिल्या दोहोंपेक्षा सत्याच्या अधिक जवळ जातो. साधारण ३ सेकंदांच्या सरासरीचा जो कमाल वेग, तो झोत. फांदी मोडते, पत्रा उडतो, होडी कलंडते ती झोताने.

याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरच्या एक चौरस मीटर फळीवर साधारण साडेसात किलो वजनाइतका दाब देतो, ताशी ६० चा झोत सतरा किलोंइतका. वेग दीडपट, दाब सव्वादोनपट. १३ मे २०२४ रोजी मुंबईत धुळीचे वादळ आले आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर एक अवाढव्य जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा जीव गेला. तो फलक १२० फूट रुंद आणि तितकाच उंच होता, म्हणजे क्षेत्रफळ १३०० चौरस मीटरांहून अधिक. एवढ्या आकाराच्या कोणत्याही फलकावर वरच्या हिशेबाने ताशी ४० च्या वाऱ्यात दहा टनांचा भार येतो, ताशी ६० च्या झोतात बावीस टनांचा. सरासरीवर विसंबून उभारलेली वस्तू सरासरीत पडत नाही. मे महिन्यातल्या गडगडाटी ढगातून थंड हवा जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते, तेव्हा काही मिनिटांपूर्वीची शांत सरासरी कसलीच पूर्वकल्पना देत नाही. वारा अनेकदा दिशाही उलटवतो.

म्हणून सरासरी खोटी ठरते का? न्याय-वैशेषिकांना तसे म्हणता येणार नाही. दोन वस्तूंमधले ‘दोन’पण मोजणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीतून उपजते, पण उपजल्यावर ते वस्तूंचाच गुण असते, असे ते मानतात. सरासरी वेगाकडेही तसे पाहता येईल. मोजण्याची रीत माणसाने ठरवली, पण त्या रीतीने जे सापडले ते मनातले नव्हे, हवेतले. लाटा बांधल्या जातात त्या तासन्‌तास टिकणाऱ्या वेगाने, पाच सेकंदांच्या झोताने नव्हे. तेव्हा अर्थक्रियेची कसोटी लावली तरी सरासरी सर्वस्वी निकामी ठरत नाही. एवढे मात्र खरे की माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तिथे निर्णय झोताच्या आकड्यावर घ्यावा. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांची नजर पहिल्या आकड्यावर थांबते, आणि ही सवय घातक आहे.

दिशेबद्दल थोडक्यात. वारा जिकडून येतो ती त्याची दिशा. नैऋत्य वारा ईशान्येकडे जातो. अंशांत सांगताना उत्तर ० किंवा ३६०, पूर्व ९०, पश्चिम २७०. वैशेषिकांनी दिक् हे द्रव्य एकच मानले आणि पूर्व-पश्चिम हे भेद सूर्याच्या संबंधाने पडतात असे म्हटले. कोकणात सूर्याचा हा हात वाऱ्याच्या दिशेतही दिसतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पहाटे जमिनीवरून मतलई वारे समुद्राकडे जातात. दिवस चढला, जमीन तापली की खारे वारे पश्चिमेकडून, वायव्येकडून आत येतात.

‘जमीन समुद्रापेक्षा तापली, म्हणून दुपारी खारे वारे येतील’ हे अनुमान किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. नैयायिक अशा ठिकाणी एक प्रश्न विचारतात: या व्याप्तीला उपाधी आहे का? ‘आग आहे, म्हणून धूर असणार’ हे चुकते, कारण धूर निघायला ओले सरपण लागते; ते सरपण ही उपाधी. खाऱ्या वाऱ्यांच्या अनुमानातही उपाधी आहे: वरून वाहणारा जमिनीकडचा वारा फार जोराचा नसला पाहिजे. मार्चमध्ये पूर्वेचे वारे जोरात असले की मुंबईत खारे वारे उशिरा शिरतात आणि पारा ३८-४० अंशांवर जातो. जमीन नेहमीपेक्षा जास्त तापलेली, तरी वारा नाही. पावसाळ्यात तर नैऋत्य मोसमी प्रवाह इतका प्रबळ असतो की खारे-मतलई हा भेदच पुसला जातो. ढग, रंग, पक्षी यांवरून बांधलेले लोकांचे आडाखे जिथे फसतात तिथे बहुधा खूण खोटी नसते, तिची उपाधी ओळखलेली नसते. आजचे संगणकी प्रारूप हवेची गती, दाब, उष्णता, बाष्प यांची समीकरणे एकत्र सोडवते. दर्शनाच्या भाषेत सांगायचे तर शक्य तितक्या उपाध्या एकदम हिशेबात घेण्याचा तो प्रयत्न आहे.

अंदाज हे ‘पूर्ववत्’ अनुमान: कारण पाहून पुढच्या कार्याकडे जाणे. दाटून आलेले ढग पाहून पाऊस येईल असे म्हणणे, हे न्यायभाष्यातलेच उदाहरण. यावर सर्वांत जुना आणि सर्वांत कठोर आक्षेप चार्वाकांचा आहे. सर्व काळच्या, सर्व ठिकाणच्या उदाहरणांची पाहणी कोणीच करू शकत नाही, तेव्हा व्याप्ती कधीच सिद्ध होत नाही आणि अनुमान हे प्रमाणच नव्हे. या आक्षेपाला विसाव्या शतकात अनपेक्षित बाजूने बळ मिळाले. एडवर्ड लॉरेन्झ याने १९६३ मध्ये दाखवून दिले की नियम पूर्ण ठाऊक असले तरी सुरुवातीच्या स्थितीतली अत्यल्प चूक वाढत जाऊन पुढचे चित्र पार बदलू शकते. हवामानाच्या तपशीलवार अंदाजाची मर्यादा साधारण दोन आठवडे मानली जाते. एखाद्या चौकात येणाऱ्या एखाद्या झोताची मर्यादा तर मिनिटांतच संपते. अमुक झोत अमुक क्षणी येईल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. झोत कुठवर जाऊ शकतील एवढेच सांगता येते. ‘६५ पर्यंत’ या शब्दांत जातीविषयीचे विधान आहे, व्यक्तीविषयीचे नाही.

दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत चार्वाकांना दिलेले उत्तर आजही चोख वाटते. शंका घेण्याला सीमा असते आणि ती सीमा शंका घेणाऱ्याच्या वागण्यानेच आखली जाते. धूर हवा म्हणून जो विस्तव पेटवतो, भूक भागावी म्हणून जो जेवतो, त्याला कार्यकारणाबद्दल सरसकट शंका घेता येत नाही. त्याची कृतीच त्याच्या शंकेला छेद देते. लॉरेन्झच्या शोधामुळे हे उत्तर बाद होत नाही, फक्त त्याला माप मिळते. कुठवर शंका घ्यायची हे आता मोजता येते. सुरुवातीची स्थिती थोडी थोडी बदलून तेच प्रारूप अनेकदा चालवतात. उत्तरे एकमेकांजवळ राहिली तर विश्वास वाढतो, फाकली तर कमी होतो, आणि ही फाक अंदाजासोबत सांगता येते.

हे झाले अंदाज बांधणाऱ्याचे. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने प्रमाण बदलते. मच्छीमाराने समीकरणे सोडवलेली नसतात. त्याच्यासाठी इशारा हे शब्दप्रमाण, आप्तवाक्य आहे. ज्याने गोष्ट जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. न्यायभाष्यकार वात्स्यायनाने हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लावले, ही गोष्ट मुद्दाम आठवण्याजोगी आहे. बोलणाऱ्याचे कूळ, पद, यंत्रांची किंमत यांपैकी काहीही त्याला आप्त करत नाही. होडीवर उभे आयुष्य काढलेला तांडेल आणि वेधशाळेतला शास्त्रज्ञ हे दोघेही या लक्षणात बसू शकतात आणि दोघेही त्यातून बाहेर पडू शकतात.

मग हे ज्ञान खरे आहे हे कशावरून? मीमांसक म्हणतात, ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते. बाधक दिसेपर्यंत ते खरेच धरायचे. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून, परतः ठरते. पाणी दिसले, माणूस तिकडे गेला, तहान भागली. तेव्हा आधीचे ज्ञान खरे होते हे अनुमानाने कळते. पण समुद्रात जावे की न जावे हे ठरवायला यशाची वाट कशी पाहणार? यालाही नैयायिकांकडे उत्तर आहे. जिथे सराव झाला आहे, तिथे नवे ज्ञान आधी खऱ्या ठरलेल्या ज्ञानाच्या जातीचे आहे, एवढ्यावरून त्याचे प्रामाण्य कृतीआधीच ओळखता येते. सराव नसेल तर माणूस संशय असतानाही कृती करतो, आणि त्यात गैर काही नाही. अंदाजांची पडताळणी नेमकी अशीच चालते. ज्या दिवसांसाठी सत्तर टक्के शक्यता सांगितली, त्यांतल्या दहापैकी सातच्या आसपास दिवशी तसे घडले, तर ती सांगण्याची रीत भरवशाची. एकाच दिवशीच्या फसलेल्या अंदाजाने रीत खोटी पडत नाही, आणि एकाच दिवशी खरा ठरल्याने ती सिद्धही होत नाही. ‘खाते म्हणाले आणि वारा आलाच नाही’ एवढ्यावर इशारे सोडून देणारा माणूस व्यक्तीच्या कसोटीने जातीचा निवाडा करत असतो.

वायू ही देवताही आहे, तेव्हा अंदाजाने देवतेची जागा घेतली का, असा प्रश्न उभा राहतो. केनोपनिषदात वायूला यक्षाने समोर ठेवलेली गवताची काडीही उचलता येत नाही, कारण त्याचे बळ त्याचे स्वतःचे नाही. वाऱ्याला स्वतःचे बळ नाही, दाबातला फरक आणि त्यामागचा सूर्य त्याला चालवतो, हे हवामानशास्त्रही सांगते. या साम्यावरून उपनिषदात हवामानशास्त्र शोधणे मात्र दोघांवरही अन्याय करणारे आहे: एक अहंकाराविषयी बोलते, दुसरे कारणाविषयी. कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात. तेव्हा मोसमी वाऱ्यांचा जोर ओसरू लागलेला असतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या सरकारी मासेमारी बंदीचा काळही तोवर सहसा संपलेला असतो. नारळ वाहणारा घरी येऊन इशाराही वाचतो, आणि त्यात विसंगती नाही. नारळ हे वाऱ्याविषयीचे विधान नाही. ते खरे-खोटे ठरत नाही. ती कृतज्ञता आणि विनवणी आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव पाचवे आहे, एकटे नाही. पहिल्या चारांत कसूर करून पाचव्याकडे बोट दाखवण्याला त्या मांडणीत आधार सापडत नाही.

मे २०२१ मधले तौक्ते चक्रीवादळ या दृष्टीने पाहावे. वादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे सरकत असल्याचे इशारे काही दिवस आधीपासून होते. १७ मे रोजी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. मुंबईच्या पश्चिमेच्या तेलक्षेत्रात कामगारांच्या निवासाची पी-३०५ ही बार्ज नांगर तुटून भरकटली आणि बुडाली. साठहून अधिक माणसे गेली. वादळ येत आहे हे ज्ञान उपलब्ध होते. कमी पडली ती ज्ञानाला धरून होणारी प्रवृत्ती. नैयायिकांच्या साखळीत ज्ञान, इच्छा, प्रयत्न आणि चेष्टा हे वेगवेगळे दुवे आहेत, आणि एक असला म्हणून पुढचा आपोआप येत नाही. वाऱ्याचा अंदाज कितीही सुधारला तरी हा दुवा त्याच्या आवाक्याबाहेरच राहतो.

उरते ते स्थानिक काम. प्रारूप काही किलोमीटरांच्या चौकटीची सरासरी देते. खाडीचे मुख, सड्याची कड, दोन उंच इमारतींमधली फट यांना त्या चौकटीत वेगळे अस्तित्व नाही. मोकळ्या समुद्रावर झोत सरासरीच्या मानाने फार वर जात नाहीत. दाट वस्तीत ते दीडपट आणि त्याहूनही अधिक होतात. डोंगराच्या आडोशाला दिशाच फिरते. म्हणून ज्याला एखाद्या बंदरासाठी किंवा शेतासाठी अंदाज वापरायचा आहे, त्याने अंदाजातले तिन्ही आकडे आणि त्याच जागी प्रत्यक्ष दिसलेल्या खुणा (फांद्या, धूळ, लाटांवरचा पांढरा फेस) शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात. एका ऋतूत कळते की नैऋत्य वाऱ्यात तिथला झोत अंदाजापेक्षा किती जास्त असतो आणि उत्तरेच्या वाऱ्यात किती कमी. मग पुढचा अंदाज हाती येतो तेव्हा त्या जागेची उपाधी आधीच माहीत असते.